कर्लीच्या कांठीं गळाचा पहिला धडा

मालवणास जाणारा प्रवासी बहुधा ठराविक गोष्टी पाहून परततो. होडींत बसून सिंधुदुर्ग किल्ल्यावर जावें, १६६४ सालीं शिवछत्रपतींनीं आरंभिलेलें तें जलदुर्गाचें काम तीन वर्षांत कसें उभें राहिलें याचें नवल करावें, चहूंकडे खारें पाणी असतां दूधबाव, दहींबाव आणि साखरबाव या विहिरींचें पाणी गोड कसें हें विचारून घ्यावें, तारकर्लीच्या वाळूंत दोन घटका बसावें, आणि खाजें बांधून घेऊन परतीची गाडी धरावी, असा हा क्रम आहे. त्यांत वावगें कांहीं नाहीं. परंतु तारकर्लीच्या पुढें देवबागेपर्यंत गेलें म्हणजे एका बाजूस समुद्र आणि दुसऱ्या बाजूस कर्ली नदीची खाडी अशी जी जमिनीची चिंचोळी पट्टी लागते, तिच्या खाडीकडील कांठावर एक संपूर्ण भरती आणि एक संपूर्ण ओहोटी बसून पाहणारा प्रवासी विरळाच. मला तो योग गेल्या दिवाळीच्या सुटींत आला, आणि तो एका अकरा वर्षांच्या मुलाच्या हट्टामुळें आला.

आमचें घराणें देशावरचें आणि पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी. कन्येनें मात्र आपला संसार मालवणच्या एका सारस्वत घरांत मांडला आहे, आणि त्या घरांत मासळीवांचून जेवण म्हणजे उपासच. लग्नाच्या वेळीं दोन्ही घरांनीं या गोष्टीचा थोडा विचार केला. पुढें तो विषय कधीं निघाला नाहीं. आम्ही उभयतां तेथें गेलों म्हणजे विहीणबाई निराळीं भांडीं काढतात, आणि त्यांची मासळी मागच्या पडवींतील शेगडीवर शिजते. वास येतो, पण त्याबद्दल कोणी कोणास कांहीं बोलत नाहीं. अशा त्या सलोख्याच्या घरांत नातवानें दिवाळीच्या फराळावर बसून जाहीर केलें कीं, “मला गळ टाकायला शिकायचें आहे.”

गंमत अशी कीं, शिकविणारें घरांत कोणीच नव्हतें. मासे खाणारें घर आणि मासे धरणारें घर हीं कोंकणांत दोन निराळीं घरें आहेत. व्याह्यांना बाजारांत माशाचे कल्ले उघडून ताजेपणा पारखतां येतो, पण गळाला आमिष कसें लावावें हें त्यांना ठाऊक नव्हतें. जांवई कचेरींत गुंतलेले. रिकामा असा एकटा मी, सेवानिवृत्त शाळामास्तर! तेव्हां नातवाबरोबर खाडीवर जाऊन बसण्याचें काम सर्वानुमतें माझ्याकडे आलें. आमच्या कुटुंबानें मात्र मला बाजूस घेऊन सांगितलें, “अहो, नातवाचें कौतुक करा, नको कोण म्हणतें! पण जन्मभर मुंगीहि चुकवून चाललांत, आणि आतां या वयांत त्या जीवांच्या वाटेला कशाला जातां?” या प्रश्नाला त्या वेळीं माझ्याजवळ उत्तर नव्हतें. मी गेलों तो, जें मुलगा शिकणार तें आपण पाहावें, एवढ्याच हेतूनें.

देवबागेस जांवयांच्या ओळखीचे एक वृद्ध गाबीत गृहस्थ राहतात. सारा गांव त्यांना आबा म्हणतो, म्हणून आम्हीहि आबाच म्हणूं लागलों. वय पंचाहत्तरीच्या पुढें, अंग वेताच्या काठीसारखें, आणि बोलणें मोजकें. त्यांचा एक मुलगा पर्यटकांची होडी चालवितो. नातवंडें शहरांत नोकरीस आहेत. आपल्या घरांतील कोणी आतां गळ धरीत नाहीं, हें त्यांनीं खेद न दाखवितां सांगितलें. पण दुसऱ्याचा कां होईना, एक मुलगा शिकावयास आला याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर दिसला.

आबांचा पहिला धडा पाण्याजवळ झालाच नाहीं. त्यांनीं मला विचारलें, “गुरुजीनु, आज तिथ खयची?” मीं पंचमी म्हणून सांगितलें. त्यांनीं बोटांच्या पेरांवर क्षणभर कांहीं मोजलें आणि म्हणाले, “मगे पावणेचाराक भरती. दोनाक येवा.” मुलगा चकित होऊन माझ्याकडे पाहूं लागला. त्याच्या लेखीं तिथि म्हणजे आजीच्या उपासाची बाब; तिचा समुद्राशीं कांहीं संबंध असेल हें त्याच्या स्वप्नींहि नव्हतें.

हें गणित वाचकांपैकीं कोंकणांत वाढलेल्यांस ठाऊक असेल, इतरांसाठीं सांगतों. तिथीचा अंक घ्यावा आणि त्याची पाऊणपट करावी; जो आंकडा येईल तितक्या वाजतां भरती पूर्ण होते. पंचमीस पावणेचार, अष्टमीस सहा, एकादशीस सव्वाआठ. पक्ष पालटला कीं पुन्हां प्रतिपदेपासून आरंभ करावा. एका भरतीपासून दुसऱ्या भरतीपर्यंत सुमारें साडेबारा तास जातात, म्हणून दिवसाची वेळ काढली कीं रात्रीचीहि निघते. याचें कारण असें कीं, चंद्र आदल्या दिवसापेक्षां रोज सुमारें पन्नास मिनिटें उशिरां येतो, आणि समुद्राचें पाणी त्याच्याबरोबर तितकेंच मागें पडतें. पाऊणपटीचें गणित हें याच विलंबाचें सोपें रूप होय. तें स्थूल आहे, बंदरोबंदरीं थोडा फरक पडतो. पण गळ टाकणाऱ्याला पुरून उरतें. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास सूर्य आणि चंद्र एका रेषेंत येऊन दोघेहि पाणी ओढतात, त्या भरतीला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास त्यांची ओढ परस्परांस काटकोनांत पडून पाणी थोडेंच चढतें, तो भांग. ज्या पंचांगावर आपण मुहूर्त आणि एकादश्या पाहतों, त्याच पंचांगावर हा किनारा आपला रोजचा व्यवसाय चालवीत आला आहे, हें मला त्या दिवशीं नव्यानें उमजलें.

दोन वाजतां गेलों तेव्हां पाणी चढत होतें. त्यांतच बसावयाचें असतें. वाहतें पाणी अन्न आणतें, म्हणून मासा त्या वेळीं हिंडतो. भरती पूर्ण होऊन पाणी थबकलें कीं तोहि थबकतो, आणि ओहोटी सुरू झाली कीं पुन्हां चालूं लागतो. नवशिक्यानें दिवसभर ऊन खात बसण्यापेक्षां हे दोन-दोन तास साधावे.

साहित्य म्हणाल तर अगदींच थोडें. बाजारांत चक्री बसविलेल्या महागड्या काठ्या मिळतात, पण आबांनीं त्या पाहूंहि दिल्या नाहींत. एका रिकाम्या बाटलीवर गुंडाळलेली तंगुसाची दोरी, एक गळ आणि वाटाण्याएवढे शिशाचे दोन मणी, एवढ्यावर काम सुरू झालें. तंगूस म्हणजे ती पारदर्शक नायलॉनची एकेरी दोरी. पाण्यांत ती दिसेनाशी होते. गळाला डोळा असतो, दांडा असतो, वांक असतो आणि टोंकाजवळ उलट दिशेला एक बारीक कांटा असतो. लागलेला मासा सुटूं नये ही त्या कांट्याची योजना. गळांच्या क्रमांकाची रीत मात्र मोठी विचित्र आहे. साध्या क्रमांकांत आंकडा वाढेल तसा गळ लहान होत जातो; पुढें शून्य जोडलेल्या क्रमांकांत मात्र आंकड्याबरोबर गळहि वाढतो. नातवानें यावर “आजोबा, हें गणित चुकीचें आहे,” असा शेरा मारला, आणि पस्तीस वर्षें गणित शिकवूनहि मला त्याचें समर्थन करतां आलें नाहीं.

खरी विद्या गांठींत आहे. नायलॉन गुळगुळीत असल्यामुळें साधी गांठ त्यावर सरकते. दोरीचें टोंक गळाच्या डोळ्यांतून ओवावें. तें मूळ दोरीभोंवतीं पांचसहा वेळां पिळावें. मग डोळ्याजवळ जें लहानसें वेटोळें राहिलेलें असतें त्यांतून टोंक काढावें, आणि तसें करतांना जें मोठें वेटोळें पडतें त्यांतून तें पुन्हां ओवून घ्यावें. शेवटीं गांठ ओली करून सावकाश आवळावी. ओली कशासाठीं? कोरडी ओढली तर घर्षणानें दोरी तापते आणि नेमकी तेथेंच कच्ची होते. शिसें गळापासून वीतभर वर बांधावें. प्रवाह जितका जोराचा तितकें तें जड असावें. मुलानें पहिल्या दिवशीं ही गांठ वीस वेळां बांधली आणि वीस वेळां सोडली. आबांनीं ओढून पाहिल्यावर एकविसावी टिकली.

आमिष म्हणून कोळंबी. आबांनीं पागानें ती आमच्यादेखत काढली. पाग म्हणजे गोल जाळें. त्याच्या कडेला शिशाचे मणी ओवलेले असतात. तें हातावर, खांद्यावर आणि कांहीं भाग दांतांत धरून अंगाला झोंका देत फेकलें कीं हवेंत सुपासारखें उघडतें आणि पाण्यावर पूर्ण वर्तुळ होऊन पडतें. दिसावयास तें सोपें दिसतें, पण शिकावयास वर्षें जातात. म्हणून नवशिक्यानें त्याच्या नादीं लागूं नये, विकतची कोळंबी आणावी. जिवंत असेल तर शेपटीकडून गळ घालावा म्हणजे ती पोहत राहते. मेलेली असेल तर सोलून तुकडा लावावा, परंतु गळाचें टोंक किंचित् उघडें ठेवावें.

मग दोरी तर्जनीवर धरून बसावयाचें. त्या एका बोटाला खाडीचा सगळा तळ वाचावयास शिकवावें लागतें. प्रवाहाची ओढ सारखी असते. खेंकडा कुरतडतो तेव्हां बारीक, रेंगाळलेले झटके येतात. लहान मासे टोंचून पळतात. आणि मोठा मासा प्रथम नुसता उचलून पाहतो. त्या पहिल्या उचलीला ओढलें तर आमिष तेवढें परत येतें. नातवाचें तीन दिवस असेच गेले. चौथ्या दिवशीं तो रडकुंडीला आला, तेव्हां आबा म्हणाले, “माशाक घाई नसता बाबा, घाई आपणाक असता. गळ टाकूक कोणय टाकतलो. उचलूचो केवा, ता शिकूक व्हया.” मासा घेऊन चालूं लागला, दोरी एकसारखी धांवूं लागली, म्हणजे मनगटानें आटोपशीर हिसका द्यावयाचा, धसका नव्हे. शाळेंत मुलाला उत्तर सुचत असतांना मास्तरानें मध्येंच बोलूं नये, ही गोष्ट मला पुस्तकांनीं शिकविली नव्हती, वर्गानें शिकविली होती. आबांचें शास्त्र त्याच जातीचें वाटलें.

चौथ्याच दिवशीं, पाणी फिरण्यापूर्वीं अर्धा तास, दोरी धांवली. मुलानें हिसका दिला, आणि वीतभर लांबीचा, तांबूस, तेजस्वी असा एक मासा कांठावर आला. तो तांबोसा. मुलाचा आनंद काय वर्णावा! पण आबांनीं प्रथम स्वतःचे हात पाण्यांत बुडवून ओले केले, मासा हळूच धरला, कांटा मोडलेला असल्यामुळें गळ सहज काढला, आणि मुलाला म्हणाले, “ह्यो अजून शाळेत जाणारो पोर आसा. सोड तेका.”

त्याचा अर्थ त्यांनीं नंतर समजावून दिला. तांबोसा मोठेपणीं समुद्रांत, खडकांच्या आश्रयानें राहतो; परंतु त्याचें बाळपण खाडींत, कांदळाच्या मुळांमध्यें जातें. तेथें पाणी उथळ, अन्न मुबलक, आणि मोठ्या माशांना त्या मुळांच्या जाळींत शिरतां येत नाहीं. चोणकाचीहि कथा अशीच. त्यालाच रायगडाकडे जिताडा म्हणतात. त्याचीं पिलें खाडींत वाढतात. त्यांतील विशेष असा कीं, हा मासा आधीं नर असतो आणि पुढें वाढल्यावर मादी होतो. म्हणजे सगळे मोठे मासे काढून घेतले तर माद्या संपतात, आणि सगळे लहान काढले तर मोठे व्हावयास कोणी उरत नाहीं. काळुंदर नांवाचा गोल, करड्या अंगाचा मासा आहे. त्याचे नर-मादी दोघेहि अंडीं आणि पिलें राखीत बसतात. हें ऐकत असतां समोरच्या कांदळवनाकडे पाहण्याची माझी दृष्टि पालटली. चिखल, मुळें आणि डांस यांपलीकडे तेथें मला आतांपर्यंत कांहीं दिसलें नव्हतें. ती एक शाळा आहे. माझ्या शाळेंतून जशीं मुलें दहावी होऊन मुंबई-पुण्यास निघून गेलीं आणि गांवीं क्वचितच परत आलीं, तशीं या शाळेंतील पोरें समुद्राकडे जातात. फरक इतकाच कीं, हा शिक्षक त्यांना परत बोलावीत नाहीं.

हात ओले कां केले, तेंहि सांगावयास पाहिजे. माशाच्या अंगावर बुळबुळीत थर असतो, तो त्याचें रोगापासून रक्षण करतो. कोरड्या हातानें धरलें कीं तो निघून जातो, आणि सोडलेला मासाहि पुढें मरतो. म्हणून जें सोडावयाचें तें ओल्या हातानें आणि त्वरेनें सोडावें. गळाचा उलटा कांटा सांडशीनें दाबून ठेवला तर मासा कधीं निसटतो खरा, पण सोडणें सोपें होतें. आणि गळ स्वतःच्या बोटांत शिरला तर तोहि सोपेपणीं निघतो. आमच्या नातवाला हा दुसरा लाभ पांचव्याच दिवशीं मिळाला, आणि त्याच्या बोटावर हळद दाबली ती आजीनें.

धोक्याच्या गोष्टीहि नवशिक्यानें आधींच शिकाव्या. शिंगाळ्याच्या पाठीवर आणि दोन्ही बाजूंच्या परांशीं विषारी कांटे असतात. त्याला उघड्या मुठींत धरूं नये. पाकट वाळूंत दडून बसतो आणि पाय पडला तर शेपटीचा कांटा मारतो. म्हणून उथळ पाण्यांत पाय उचलून न चालतां घासत चालावें. दंश झालाच तर सोसवेल इतक्या ऊन पाण्यांत तो भाग बुडवून ठेवावा, कारण तें विष उष्णतेनें निर्बळ होतें; आणि वैद्यांकडे जावें. देवबागेच्या मुखाशीं ओहोटीचा ओढा फार जोराचा असतो. तेथें पाण्यांत उतरूं नये. तुटलेला तंगूस कांठावर टाकूं नये. तो कुजत नाहीं, आणि पक्ष्यांच्या पायांत गुंततो. आणि दुसऱ्याचें जाळें लागलेलें असेल तेथें विचारल्यावांचून गळ टाकूं नये. आपण खेळावयास आलेले असतों. त्याचें पोट तेथें असतें.

हें पोट कसें चालतें तें एका सकाळीं तारकर्लीच्या किनाऱ्यावर पाहिलें. रापण लागली होती. होडीनें समुद्रांत अर्धचंद्राकार जाळें सोडून त्याचीं दोन्ही टोंकें किनाऱ्यावर आणतात, आणि दोन्ही बाजूंनीं माणसांच्या रांगा दोर ओढीत ओढीत एकमेकींजवळ येतात. आम्हीहि हात लावला. तासाभरानें जाळें वाळूवर आलें. तारली थोडी, बांगडे त्याहून थोडे, आणि बाकी जेलीसारखे समुद्रजीव व प्लास्टिकच्या पिशव्या. तरीहि वांटे पडले. होडीचा, जाळ्याचा, ओढणाऱ्यांचा, सगळ्यांचे वांटे ठरलेले असतात. आणि ज्यानें नुसता दोराला हात लावला त्यालाहि कोणी रिकाम्या हातीं धाडीत नाहीं. मुलाला चार तारल्या मिळाल्या. त्या त्यानें इतक्या अभिमानानें घरीं नेल्या कीं, जणूं पहिला पगार!

रापणीची कमाई आटत चालली आहे, याचें कारण म्हाताऱ्या माणसांनीं एका वाक्यांत सांगितलें: थवे किनाऱ्याशीं येण्यापूर्वींच बाहेर यंत्रनौका त्यांना घेरून उचलतात. १९८१ सालीं महाराष्ट्रानें सागरी मासेमारीच्या नियमनाचा कायदा केला, आणि २०२१ सालीं त्यांतील दंड पुष्कळ वाढविले. दिव्यांच्या झोतानें मासे गोळा करून पकडण्यावरहि जबर दंड बसविला. मालवणचा कांहीं समुद्र तर १९८७ सालींच अभयारण्य म्हणून घोषित झाला आहे. पावसाळ्यांत यंत्रनौकांना बंदी असते. ती अलीकडे १ जून ते ३१ जुलै अशी राहत आली आहे. कायदा होण्यापूर्वींहि नारळी पौर्णिमेस समुद्राला नारळ दिल्यावांचून दर्यावर जावयाचें नाहीं, अशी या लोकांची रीत होतीच. लहान मासा सोडावा, पावसाळा पाळावा, वांटा द्यावा, हे आबांचे तीन नियम. आणि मोठ्या नौकांनीं ते मोडल्यावर एकट्या गळवाल्यानें पाळून काय होणार, असें मीं त्यांना विचारलेंहि. ते म्हणाले, “दुसरो चोरी करता म्हणान आपण कित्या करूची?”

रात्रीं पडल्यापडल्या कुटुंबाच्या प्रश्नाचा विचार मनांत येई. आपल्या प्राचीन वाङ्मयाला हा विषय अस्पृश्य नव्हता. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें बाराव्या शतकांत ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यांत राजाच्या विनोदांमध्यें मत्स्यविनोदाचें प्रकरण आहे. समुद्रांतले आणि नद्यांतले मासे, खवल्यांचे आणि बिनखवल्यांचे, कोणत्या जातीला कोणतें खाद्य, काठी, दोरी आणि गळ कसा असावा, हें सर्व त्यांत आलें आहे. दुसरीकडे अशोकाचा पांचवा स्तंभलेख. राज्याभिषेकास सव्वीस वर्षें झाल्यावर कोरविलेल्या त्या लेखांत कांहीं ठराविक पौर्णिमांच्या सुमारास तीन तीन दिवस, तसेंच उपवासाच्या दिवशीं, मासे मारूं नयेत आणि विकूंहि नयेत अशी आज्ञा आहे. एकानें विनोद लिहिला, दुसऱ्यानें मर्यादा घातली. आणि कर्लीच्या कांठीं बसलेल्या निरक्षर म्हाताऱ्यानें दोन्ही एका दोरीवर गुंफलीं.

मग मला शाकुंतलांतील धीवर आठवला. सहाव्या अंकाच्या आरंभीं अंगठी सांपडल्यामुळें चोर ठरलेल्या त्या कोळ्याच्या धंद्याची राजपुरुष थट्टा करतात, तेव्हां तो निर्भयपणें म्हणतो कीं, जन्मानें आलेलें काम निंद्य मानलें तरी टाकूं नये, आणि दयाळू श्रोत्रियहि यज्ञांत पशु मारतांना कठोर होतोच. पुढें बक्षीस मिळालें तें तो त्याच शिपायांना अर्धें देऊन टाकतो. रापणीचा वांटा कालिदासालाहि ठाऊक होता, असेंच म्हणावयाचें! हें सगळें मीं कुटुंबाला मोठ्या उत्साहानें सांगितलें. तिनें शांतपणें ऐकून घेतलें आणि म्हणाली, “तें नाटकांतलें झालें. आपला मुलगा मासा हातांत धरून काय करतो, तें मला सांगा.”

तिचा प्रश्न माझ्या उत्तरापेक्षां सरस होता. सुटीच्या शेवटच्या आठवड्यांत त्याचें उत्तर मिळालें. एकादशीच्या सकाळीं तळहाताहून मोठा एक काळुंदर लागला, आणि हा ठेवण्याजोगा आहे असें आबांनीं सांगितलें. पण जो धरील त्यानेंच मारावा, साफ करावा आणि पानांत कांहीं न टाकतां खावा, ही अट त्यांनीं घातली. मासा तडफडत ठेवूं नये, डोक्यावर एका घावांत संपवावा, हेंहि दाखविलें. मुलानें तें केलें. केल्यावर तो बराच वेळ गप्प बसला. घरीं विहीणबाईंनीं त्याला खवले काढावयास शिकविले. मागच्या पडवींत बसून त्यानें तो मासा कांट्यापर्यंत स्वच्छ खाल्ला. रात्रीं माझ्या अंथरुणांत येऊन म्हणाला, “आजोबा, त्याला दुखलें असेल का?” मीं म्हटलें, “असेल.” थोड्या वेळानें, “मग उद्यां जाऊं का?” मीं म्हटलें, “तें तुझें तूं ठरव.”

तो दुसऱ्या दिवशीं गेला. तीन मासे लागले, दोन सोडले, एक घरीं आणला. येतांना कांठावर कोणी टाकलेला तंगूस गुंडाळून त्याच बाटलीवर घेऊन आला. हें मीं कुटुंबाला सांगितलें तेव्हां ती इतकेंच म्हणाली, “कांटे नीट काढून खाल्ले ना त्यानें?”

मालवणास जाणाऱ्या वाचकांनीं किल्ला अवश्य पाहावा. परंतु पंचांग उघडून तिथीची पाऊणपट करावी, आणि त्याच्या आधीं दोन तास देवबागेच्या अथवा नेरूरपारच्या बाजूस खाडीवर जाऊन बसावें. हातांत गळ असो वा नसो. ज्यांच्या घरीं मासळी शिजते त्यांच्या मुलांनीं ती कोठून येते हें एकदां तरी स्वतःच्या बोटावर अनुभवावें. ज्यांच्या घरीं शिजत नाहीं त्यांनींहि, आपल्या देशाचें एवढें मोठें शास्त्र केवळ वास येतो म्हणून दूर ठेवूं नये. मी अजूनहि शाकाहारीच आहें आणि राहीन. आबांना गुरु म्हणावयास त्यामुळें मला अडचण पडली नाहीं.

आतां दर एकादशीस नातवाचा फोन येतो. “आजी, आज सव्वाआठला भरती,” एवढी एकच बातमी असते. आणि खिचडी परततां परततां तीहि ती पुरती ऐकून घेते.